आठवड्याचा पाठ आणि आपलें जिणें

शास्त्रपाठ : अनुवाद ३०:११-१४, नहेम्या ८:१-१२, लूक ४:१६-२१



मोशे म्हातारा झाला होता, आणि यार्देनेच्या पलीकडे आपणांस जावयाचें नाहीं हें त्यास ठाऊक होतें. अशा वेळीं मवाबाच्या मैदानांत लोकांचा निरोप घेतांना त्यानें त्यांस एक धीराची गोष्ट सांगितली. देवाचें वचन मिळविण्यासाठीं आकाशाला शिडी लावावयास नको, कीं समुद्रापलीकडे तारूं हाकारावयास नको. तें लोकांच्या तोंडीं व अंतःकरणांत येऊन राहिलें आहे, आणि आचरणांत यावें म्हणूनच इतकें जवळ आलें आहे. पुढें पौलानें रोम येथील मंडळीस लिहितांना हाच उतारा घेऊन ख्रिस्ताकडे बोट दाखविलें (रोम. १०:६-८).

वचन इतकें जवळ आहे, तर मग आपणांस तें लांबचें कां वाटतें? गांवोगांवच्या मंडळ्यांतून हा प्रश्न आमच्या कानीं येतो. कोणी बाई म्हणते, "पाळकसाहेब, स्तोत्रें वाचलीं म्हणजे मन भरून येतें, पण मोशेचीं पुस्तकें उघडलीं कीं दुसऱ्याच्या घरचें पत्र आपण वाचतों आहों असें वाटतें." कोणी शेतकरी म्हणतो, "होमार्पणें, निवासमंडपाच्या फळ्या आणि वंशावळ्या, यांत माझ्या पोटापाण्याच्या दुःखाला उत्तर कोठें आहे?" हे प्रश्न उर्मटपणाचे नव्हेत. ज्याला वचनाची भूक आहे तोच असें विचारतो. यास्तव, ज्या लोकांच्या हातीं देवानें आपलीं वचनें प्रथम सोंपविलीं (रोम. ३:२), त्या यहूदी लोकांच्या एका रीतीकडे आज आम्ही तुमचें लक्ष लावूं इच्छितों. ती रीत म्हणजे दर आठवड्याचा नेमलेला पाठ.

१. ही रीत कशी आहे

मोशेच्या पांच पुस्तकांचे यहूदी लोकांनीं ५४ भाग पाडिले आहेत. अशा एका भागाला ते 'पाराशा' म्हणतात. दर शब्बाथास एक भाग, आणि वर्षांत शब्बाथ कमी पडल्यास कांहीं भाग जोडून, उत्पत्तीच्या पहिल्या शब्दापासून अनुवादाच्या शेवटच्या शब्दापर्यंत सर्व नियमशास्त्र एका वर्षांत सभास्थानांत मोठ्यानें वाचलें जातें. प्राचीन काळीं पालेस्तीन देशांत हाच क्रम पुरा होण्यास सुमारें तीन वर्षें लागत. बाबेल देशांतील यहूद्यांची एका वर्षाची रीत पुढें बहुतेक सर्वत्र चालू झाली. प्रत्येक भागाबरोबर संदेष्ट्यांच्या पुस्तकांतील एक उतारा वाचतात. शब्बाथाच्या सकाळीं सात जणांस एकामागून एक गुंडाळीपाशीं बोलावितात. ती गुंडाळी चर्मपत्रावर हातानें लिहिलेली असते, व तींत स्वरांच्या खुणा नसतात. वाचणारा अक्षरांना बोट लावीत नाहीं. बहुधा चांदीची लहान काठी धरून ओळ दाखवितो. अर्थ बदलेल अशी चूक झाली तर ऐकणारे तेथल्या तेथें ती सांगतात, आणि तो शब्द पुन्हां वाचावा लागतो.

शब्बाथाखेरीज सोमवारीं व गुरुवारींही थोडा भाग वाचतात. ह्याचें कारण ऐकून खेड्यांतल्या माणसाला आनंद वाटेल. प्राचीन काळीं खेड्यापाड्यांचे लोक ह्या दोन दिवशीं मोठ्या गांवांत जमत. त्या दिवशीं बाजार भरे व न्यायसभाही बसे. लोक धान्य घेऊन आले, तर वचनही घेऊन जावोत, अशी ही योजना होती. त्यांचे शास्त्री आणखी एक कारण सांगतात. तांबड्या समुद्रापासून निघाल्यावर इस्राएल लोक तीन दिवस पाण्यावांचून चालले, आणि मग कुरकुरूं लागले (निर्गम १५:२२-२४). शास्त्र हेंच आत्म्याचें पाणी होय. म्हणून त्यावांचून तीन दिवस कोणीं काढूं नयेत. उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या गांवांना हा दाखला फोड करून सांगावयास नको.

ह्या रीतीचें मूळ फार जुनें आहे. बंदिवासांतून परत आलेले लोक यरुशलेमेंत पाणीवेशीपुढच्या चौकांत जमले, तेव्हां एज्रा शास्त्री लांकडी मंचावर उभा राहून पहाटेपासून दोनप्रहरपर्यंत वाचीत होता. पुरुष, स्त्रिया आणि समजण्याजोगीं मुलें ऐकत होतीं. आणि लेवी लोक अर्थ सांगत होते. ऐकतां ऐकतां लोक रडूं लागले. तें शास्त्र आपल्या वाडवडिलांविषयीं नसून आपल्याविषयीं आहे, हें त्यांस त्या दिवशीं कळलें. पुढें प्रेषितांच्या काळीं याकोबानें यरुशलेमेच्या सभेंत सांगितलें कीं, दर शब्बाथास मोशेचें शास्त्र सभास्थानांतून वाचलें जातें (प्रे. कृ. १५:२१). आणि आपला प्रभु नासरेथास आला, तेव्हां आपल्या रीतीप्रमाणें शब्बाथ दिवशीं सभास्थानांत जाऊन वाचावयास उभा राहिला. त्याच्या हातीं यशयाचें पुस्तक दिलें गेलें. दीनांस सुवार्ता, बंदिवानांस सुटका, आंधळ्यांस दृष्टि, असा तो उतारा वाचून तो खालीं बसला, आणि हें वचन आजच, तुम्ही ऐकत असतांना, पूर्ण झालें आहे असें त्यानें सांगितलें. बंधूंनो, त्या 'आज' ह्या शब्दावर लक्ष ठेवा. नासरेथकरांनीं तो उतारा पूर्वीं ऐकला असेल. पण तो आजचा आहे असें त्यांस कोणी सांगितलें नव्हतें.

आपल्या महाराष्ट्राचाही ह्या रीतीशीं संबंध आहे. कोंकणांतील बेने इस्राएल लोक पुष्कळ शतकें अलिबाग व त्याच्या आसपासच्या गांवीं तेलाचे घाणे चालवीत आले. शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांस 'शनवार तेली' म्हणत. त्यांच्यापाशीं दीर्घ काळपर्यंत शास्त्राची गुंडाळी नव्हती. सुंता, शब्बाथ, खाण्यापिण्याचे निर्बंध आणि देव एकच आहे हा 'शेमा'चा उच्चार, इतकें मात्र त्यांनीं सोडिलें नाहीं. पुढें कोचीनच्या यहूदी शिक्षकांकडून त्यांस उपासनेचें अधिक शिक्षण मिळालें, आणि १७९६ सालीं सामुएल एझेकिएल दिवेकर यांनीं मुंबईंत त्यांचें पहिलें सभास्थान बांधिलें. १८१३ पासून अमेरिकन मिशनरी आणि १८२९ पासून डॉक्टर जॉन विल्सन यांनीं चालविलेल्या शाळांतून पुष्कळ बेने इस्राएल मुलें शिकलीं, त्यांतील कित्येक शिक्षकही झाले, आणि मराठींत छापलेला जुना करार त्यांच्या घरांत गेला. अब्राहाम व योसेफ यांचीं आख्यानें लावून ते मराठींत कीर्तनेंही करीत. १९४८ नंतर त्यांच्यांतील बहुतेक लोक इस्राएल देशीं गेले. परंतु मुंबईंत व कोंकणांत जे राहिले आहेत ते अद्यापि तोच आठवड्याचा पाठ वाचतात. आम्हीं त्यांच्यापुढें मोठेपणा मिरवूं नये. फांदीनें मुळाला धरून ठेविलेलें नाहीं, मुळानें फांदीला धरून ठेविलें आहे, ही पौलाची ताकीद (रोम. ११:१८) आम्हांसच आहे.

२. सर्वांचा पाठ माझा कसा होतो

आतां मुख्य प्रश्नाकडे येऊं. पाठ तर सर्व जगांतील यहूद्यांचा बहुधा एकच; मुंबईंत जो भाग, तोच यरुशलेमेंत व न्यूयॉर्कांत. मग त्यांत एकेका माणसाला स्वतःचा अर्थ कसा मिळतो?

त्यांच्यांतील मुलगा तेरा वर्षांचा झाला म्हणजे त्यास गुंडाळीपाशीं बोलावितात. पुष्कळ ठिकाणीं तो आपल्या वाढदिवसाच्या सुमाराचा भाग महिनेंच्या महिने शिकून वाचतो, आणि मग तो भाग जन्मभर 'माझा पाठ' होऊन राहतो. वर्षानुवर्षें तो आठवडा आला कीं तो माणूस स्वतःस विचारतो: मागल्या वेळीं हें वाचलें तेव्हां मी कोण होतों, आणि आज कोण आहें? पाठ तोच असतो. ऐकणारा मात्र दर वर्षीं वेगळा होऊन येतो. तरुणपणीं जो इसहाकाच्या बांधण्याची कथा मुलाच्या जागीं बसून ऐकतो, तो पुढें बापाच्या जागीं बसून ऐकतो.

लियादी गांवचे रब्बी श्नेऊर झल्मान (१७४५–१८१२) यांच्याविषयीं त्यांच्या अनुयायांत एक गोष्ट परंपरेनें सांगतात. त्यांनीं एकदां शिष्यांस बोध केला कीं, माणसानें काळाबरोबर जगावें. शिष्य बुचकळ्यांत पडले. जगाच्या वाऱ्याबरोबर वाहण्यास गुरुजी कसे सांगतील? तेव्हां रब्बींच्या भावानें उलगडा केला कीं, काळ म्हणजे ह्या आठवड्याचा पाठ. पाठ वाचून भागत नाहीं. त्या आठवड्यांत त्या पाठाबरोबर राहावें. जलप्रलयाचा आठवडा असेल तर नोहाबरोबर तारवांत बसावें. पुढचा आठवडा आला कीं सात दिवस अब्राहामाच्या सोबतीनें चालावें.

जर्मनी देशांत फ्रान्त्स रोझेन्त्स्वाइग (१८८६–१९२९) नांवाचा एक विद्वान यहूदी होऊन गेला. वयाच्या पस्तिशीनंतर त्यास असा आजार जडला कीं हातपाय लुळे पडले व वाचाही गेली. तरी पत्नीच्या साहाय्यानें, केवळ खुणा करून, तो मरेपर्यंत मार्टिन बूबर याच्यासह जुन्या कराराचें भाषांतर करीत राहिला. त्यास कोणीं विचारिलें कीं, बलामाची गाढवी बोलली हें तुम्हांस खरें वाटतें काय? त्याच्या उत्तराचा भाव असा सांगतात: वर्षाचे इतर दिवस ती माझ्यासाठीं एक कहाणी असेल, पण ज्या शब्बाथास तो भाग उघडलेल्या गुंडाळींतून माझ्या कानीं येतो, त्या दिवशीं ती गाढवी माझ्याशींच बोलते. आमचा विश्वास ह्या बाबतींत त्याच्याहून सरळ आहे. तरी त्याच्या उत्तरांत आम्हांस लाजविणारें कांहीं आहे. गाढवी बोलली असें आम्ही बिनदिक्कत मानितों. पण ती आपल्याशीं काय बोलली हें किती जण विचारितात? हट्टानें वाईट मार्गास लागलेल्या माणसाला त्याच्या दावणीचें जनावर अडवितें, आणि तो त्यालाच मारितो. दारूच्या दुकानाची वाट अडविणाऱ्या बायकोला जो मारितो, त्याच्यासाठीं गणनेचा २२ वा अध्याय लिहिलेला नाहीं काय?

येथें एक मर्म आहे. नेमलेला पाठ आपण निवडीत नाहीं. आपण निवडूं लागलों तर नेहमींचीं आवडतीं स्तोत्रेंच निवडूं. ज्यानें आपलें कान टोंचतील तो भाग आपल्या हातीं कधींच येणार नाहीं. पाठ नेमलेला असतो म्हणून आपण न विचारलेला प्रश्न तो आपणांस विचारितो. आतां तीन पाठ उदाहरणादाखल पाहूं.

३. तीन पाठ

पहिला, 'लेख लेखा', म्हणजे उत्पत्तीच्या १२ व्या अध्यायापासूनचा भाग. अब्राहाम ७५ वर्षांचा असतां देवानें त्यास देश, नातलग व बापाचें घर सोडून निघण्यास सांगितलें. हा पाठ बहुधा आक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरांत येतो. त्याच दिवसांत बीड व अहमदनगर (हल्लींचें अहिल्यानगर) जिल्ह्यांतील किती तरी कुटुंबें घराला कुलूप लावून, पोरेंबाळें गाडींत घालून, ऊसतोडीला निघतात. त्यांत आपल्या मंडळ्यांचीं माणसेंही असतात. त्यांस आम्ही असें सांगणार नाहीं कीं, उचल फेडण्यासाठीं मुकादमाच्या मागें जाणें हेंच अब्राहामाचें पाचारण. तें खरें होणार नाहीं. कर्जानें हांकललेला आणि देवानें बोलाविलेला ह्यांत अंतर आहे, आणि तें अंतर बुजवून टाकणारा उपदेशक देवाच्या नांवानें सावकाराचें काम करितो. परंतु त्याच अध्यायांत पुढें काय आहे तें पाहा. अब्राहाम शखेमास थांबला, तेथें त्यानें वेदी बांधिली. बेथेलाजवळ डेरा दिला, तेथें वेदी बांधिली. घर मागें राहिलें, वेदी मागें राहिली नाहीं. उसाच्या फडाशेजारच्या कोपींत, चिमणीच्या उजेडांत, दोन ओळी वाचून जें कुटुंब प्रार्थना करितें, तें त्या वाटेवर अब्राहामाचें सोबती आहे. आणि जे आपण गांवांत राहिलों, त्यांनीं मागें राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या चुलीकडे व शाळा सुटूं पाहणाऱ्या मुलांकडे लक्ष दिलें नाहीं, तर आपण हा पाठ वाचला असें कसें म्हणावें?

दुसरा, 'हय्ये सारा', म्हणजे सारेचें आयुष्य. नांव आयुष्याचें, आणि पाठाचा आरंभ सारेच्या मृत्यूनें होतो (उत्पत्ति २३). ती १२७ वर्षांची होऊन हेब्रोनांत मरण पावली. अब्राहाम तिच्यासाठीं रडला, आणि मग उठून तेथील हित्ती लोकांपुढें उभा राहिला. सगळा देश देण्याचें देवाचें वचन ज्याला मिळालें होतें, त्याच्यापाशीं बायकोला मूठमाती देण्यापुरती जागा नव्हती. त्यानें आपण परका व उपरा असल्याचें बोलून दाखविलें, आदरानें वांकून नमस्कार केला, आणि मकपेलाची गुहा मागितली. एफ्रोनानें तोंडानें फुकट देऊं केलें व बोलतां बोलतां ४०० शेकेल किंमत सांगितली. अब्राहामानें घासाघीस केली नाहीं. वेशींत सर्वांसमक्ष चांदी तोलून दिली. शेवटच्या वचनांत शेत, गुहा आणि चतुःसीमेंतील झाडें हीं एखाद्या खरेदीखतांत लिहावीं तशीं लिहिलीं आहेत.

ज्या मंडळीस आपल्या मृतांसाठीं जागा मागत एका कचेरींतून दुसऱ्या कचेरींत जावें लागलें आहे, त्या मंडळीला ह्या अध्यायाचा अर्थ मोठमोठ्या टीकाग्रंथांवांचून कळतो. प्रेत दाराशीं, पाऊस सुरू, आणि जमिनीचा तंटा उभा, असे प्रसंग आपल्या कांहीं गांवांनीं पाहिले आहेत. विश्वासाचा बाप अशाच दुःखांतून गेला. त्यानें रडावयाचें टाळिलें नाहीं, शेजाऱ्यांशीं वैर केलें नाहीं, आणि उधारीच्या तोंडी शब्दावर मृताला ठेविलें नाहीं. रडणें, शेजारधर्म आणि पक्का कागद, हीं तिन्हीं त्यानें एका दिवसांत संभाळिलीं. म्हणून पंचांस आमची विनंति आहे कीं, आपल्या स्मशानभूमीची सातबाऱ्यावर नोंद आहे कीं नाहीं हें मरण दाराशीं येण्यापूर्वींच पाहावें. हें काम अध्यात्माबाहेरचें नव्हे; तें उत्पत्तीच्या २३ व्या अध्यायाचें आचरण आहे. आणि ज्या घरांत आज शोक आहे, त्यानें पाठाचें नांव विसरूं नये. मरणाच्या अध्यायाला आयुष्याचें नांव देऊन यहूदी लोक तो वाचतात. आपण तर पुनरुत्थित प्रभूचे लोक आहों.

तिसरा पाठ कठीण आहे. लेवीय १३ व १४ हे अध्याय आले कीं वाचणारा पानें उलटितो. कातडीवरचे डाग, पांढरे केस, सात दिवस वेगळें ठेवणें, वस्त्रांवरचा व भिंतींवरचा चट्टा, यांत कोणाला काय सांपडणार? शास्त्रांतील हा रोग आणि आजचा कुष्ठरोग एकच, असें प्रथम समजूं नये. कुष्ठरोगाचा जंतु १८७३ मध्यें नॉर्वे देशांतील डॉक्टर हान्सेन यांनीं शोधिला, आणि आज तो रोग औषधांनीं पुरता बरा होतो. परंतु त्या अध्यायांत एक लहानसें वाक्य आहे, तें चुकवूं नका: रोग्याला शुद्ध ठरविण्याच्या दिवशीं याजकानें छावणीबाहेर जावें (लेवीय १४:३). रोगी आंत येऊं शकत नाहीं, म्हणून याजकानें बाहेर जावयाचें. ज्याच्या अंगावर शुद्ध वस्त्रें आहेत त्यानें ती वेस ओलांडून जावयाचें, आणि जवळून, डोळे भरून, त्या माणसाकडे पाहावयाचें.

हें वाक्य वाचून आम्हां पाळकांस व वडीलमंडळीस आपापल्या छावणीची वेस आठवली पाहिजे. विधवा झाली म्हणून जिला कोणी लग्नाला बोलावीत नाहीं, तुरुंगांतून सुटून आला म्हणून ज्याच्याशेजारीं मंदिरांत कोणी बसत नाहीं, असाध्य रोग झाला म्हणून ज्याचें ताट वेगळें ठेविलें आहे, हे सर्व वेशीबाहेर आहेत. त्यांनीं आंत यावें म्हणून आपण घंटा वाजवितों; पण बाहेर जाण्याचें काम आपलें आहे. गालीलांत एक महारोगी प्रभूकडे आला तेव्हां प्रभूनें हात पुढें करून त्यास स्पर्श केला, आणि मग मोशेच्या ह्याच नियमाप्रमाणें त्यास याजकाकडे पाठविलें (मार्क १:४०-४४). शेवटीं तो स्वतः वेशीबाहेर मरण पावला (इब्री १३:१२). ज्यानें लेवीयचा हा पाठ वाचला नाहीं त्याला त्या 'बाहेर' ह्या शब्दाचें वजन कळणार नाहीं.

४. जपण्याच्या दोन गोष्टी

पहिली ही कीं, स्वतःसाठीं अर्थ शोधतांना शब्दांचा मूळ अर्थ मोडूं नये. 'लेख लेखा' ह्या इब्री शब्दांत 'जा' याच्या पुढें 'तुला' असा एक शब्द आहे. राशी (१०४०–११०५) नामक थोर टीकाकारानें त्यावरून 'तुझ्या हितासाठीं जा' असा अर्थ काढिला. पुढें कित्येकांनीं 'तूं आपल्या अंतर्यामाकडे जा' असा बोध घेतला. परंतु नाखमानी (११९४–१२७०) नामक दुसऱ्या मोठ्या टीकाकारानें दाखवून दिलें कीं, इब्री भाषेची ती नेहमींची बोलण्याची ढब आहे, तीवर इतका भार घालण्याचें कारण नाहीं. दोघांचीं मतें यहूदी लोक शेजारीं शेजारीं ठेवून अभ्यासितात. आपणही असेंच करावें. आधीं वचन काय सांगतें तें पाहावें, मग तें मला काय सांगतें तें विचारावें. हा क्रम उलटला कीं माणूस शास्त्रांत देवाचा आवाज ऐकण्याऐवजीं विहिरींत तोंड घालून आपलाच आवाज ऐकतो.

दुसरी ही कीं, पवित्र शास्त्र हें कौल लावण्याचें साधन नव्हे. पुष्कळ लोक डोळे मिटून पुस्तक उघडितात, एका ओळीवर बोट ठेवितात, आणि मुलीचें लग्न करावें कीं नाहीं, बैल विकावा कीं नाहीं, याचा निवाडा त्या ओळींतून काढितात. ज्या रीति आपल्या पूर्वजांनीं बाप्तिस्म्याच्या वेळीं सोडिल्या त्या अशानें पुस्तकाच्या आडून परत घरांत येतात. नेमलेल्या पाठाची रीत ह्या व्याधीवर चांगलें औषध आहे. कारण ती माणसाला चटकन् उत्तर देत नाहीं, तर आठवडाभर वचनापाशीं बसवून ठेविते.

५. आपण काय करावें

यहूदी लोकांच्या तालमूद ग्रंथांत एक नियम आहे: आठवड्याचा भाग मूळ भाषेंत दोनदां आणि लोकांच्या बोलीतील भाषांतरांत एकदां, असा प्रत्येकानें सभेपूर्वींच वाचावा. आपणांस तो थोड्या फरकानें घेतां येईल. आपल्या मंडळींत जो पाठ नेमलेला असेल तो, नसेल तर पाळक सांगतील तो, घरांत दोनदां मोठ्यानें वाचावा. आणि तिसऱ्या वेळीं पुस्तक मिटून आपल्या बोलींत सांगावा. ज्या आईला अक्षर येत नाहीं ती त्या तिसऱ्या वेळीं बहुधा सर्वांहून चांगलें सांगते.

वाचल्यावर प्रश्न विचारावे. यरुशलेमेंत नेहामा लायबोवित्स (१९०५–१९९७) नांवाच्या एक शिक्षिका होत्या. शेतकरी वसाहतींतील कांहीं स्त्रिया त्यांच्यापाशीं शास्त्र शिकून घरीं परत जावयास निघाल्या, आणि आमचा अभ्यास सुटूं नये असें त्यांनीं बाईंस विनविलें. तेव्हां १९४२ सालापासून बाई दर आठवड्याच्या पाठावर प्रश्नांचा एक कागद तयार करून टपालानें पाठवूं लागल्या. कागदावर उत्तरें नसत, प्रश्न असत. लोक उत्तरें लिहून पाठवीत, आणि बाई तीं स्वतः तपासून लाल शाईनें शेरे लिहून परत पाठवीत. शेतकरी, शिपाई, शिक्षक, मोलमजुरी करणारे, असे हजारों लोक हळूहळू त्यांत आले. १९७१ पर्यंत, सुमारें तीस वर्षें, हें काम चाललें. त्यांच्या थडग्यावर नांवाखालीं 'शिक्षिका' एवढीच पदवी आहे. आपल्या मंडळ्यांतील शिकलेल्या मुलामुलींस आम्ही पुसतों: तुमच्या हातीं आतां दूरध्वनि आहे, क्षणांत शंभर जणांस निरोप जातो, दर शनिवारीं गांवच्या मंडळीस दोन प्रश्न पाठविणें हें तुम्हांपैकीं कोणाच्या हातून होणार नाहीं काय?

आणि शेवटीं, पाठानें सांगितलेलें एक तरी काम त्या आठवड्यांत करावें. मोशेनें वचन तोंडांत व अंतःकरणांत आहे एवढेंच सांगितलें नाहीं. तें करण्यासाठीं आहे असें सांगितलें. ज्या आठवड्यांत विसरलेल्या पेंढीचा नियम (अनुवाद २४:१९) वाचाल, त्या आठवड्यांत शेताच्या कडेचें कांहीं विधवेसाठीं राहूं द्या. ज्या आठवड्यांत सलाफहादाच्या पांच मुली आपला वांटा मागावयास मोशेपुढें उभ्या राहतात (गणना २७), आणि देव त्यांचें म्हणणें रास्त ठरवितो, त्या आठवड्यांत आपल्या घरांतल्या मुलीच्या वांट्याविषयीं भावांनीं आपसांत बोलावें. अशा रीतीनें वर्ष गेलें, तर वर्षाखेर शास्त्राचें एकही पान आपणांस परक्याचें वाटणार नाहीं.

वर्षाच्या अखेरीचा यहूद्यांचा एक दिवस असतो. त्या दिवशीं ते अनुवादाचा शेवट वाचतात: मोशे नबो डोंगरावरून देश पाहतो, पण आंत जात नाहीं, काम अर्धें असतां मरतो, आणि त्याचें थडगें कोणाला ठाऊक नाहीं. इतकें वाचून ते पुस्तक ठेवून देत नाहींत. त्याच सभेंत दुसरी गुंडाळी उघडून उत्पत्तीचा आरंभ वाचतात, जेथें अंधारांत देव बोलतो आणि प्रकाश होतो. ज्यांचें ह्या वर्षीं पीक बुडालें, ज्यांच्या घरांतून कोणी गेलें, ज्यांचें चांगलें काम अर्धें राहिलें, त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. पाठ मरणापाशीं थांबला नाहीं; पुढचा भाग वाचावयाचा आहे, आणि तो वाचणारा आपल्यामध्यें उभा आहे.

प्रार्थना : हे प्रभो, नासरेथाच्या सभास्थानांत तूं वाचावयास उभा राहिलास, तसा आमच्या लहानशा मंडळींत व आमच्या घरांत उभा राहा. जें आम्हीं अनेकदां ऐकलें तें आज ऐकव. वचन आमच्या तोंडीं आहे तें आमच्या हातांत उतरूं दे, आणि जे वेशीबाहेर आहेत त्यांच्याकडे आम्हांस चालव. हें तुझ्याच नांवानें मागतों. आमेन.